गाईच्या जबड्याखाली सूज आहे, जंताचं औषध देऊनही दूध वाढेना, काय असेल?

तुम्ही लिहिलंय की गाय नदीकाठी चरते, संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, सकाळी उतरते आणि आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दोनदा टोचूनही दूध कमीच होतंय. वाळवा तालुक्यात आमच्या मळ्यावर अगदी असंच झालं होतं.

आधी सुजेला हात लावा. गरम लागली, गाईला दुखलं, अंगात ताप असला तर घटसर्प असू शकतो, डॉक्टरांना लगेच बोलवा. थंड असेल आणि बोट दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल तर खालची पापणी ओढून बघा. आमच्या गाईची आतून चुन्यासारखी पांढरी होती, अंगात रक्तच नव्हतं. शेणात लिव्हर फ्लूकची, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंताची अंडी निघाली.

आयव्हरमेक्टिन या चपट्या जंतांवर चालत नाही. आमचेही दोन महिने त्यातच गेले, गाय नऊ लिटरवरून चारवर आली, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून आधी शेण तपासा, तेही पाण्यात कालवून तळाला बसलेला गाळ बघायला सांगा. ही अंडी जड असतात, तरंगत नाहीत. जवळ सोय नसली तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारा.

ऑक्सिक्लोझानाइड या चपट्या जंतांवरच्या औषधानं पित्तनळीतले मोठे जंत मरतात, पण यकृत पोखरत फिरणारी पिल्लं वाचतात. म्हणून आमच्या डॉक्टरांनी अडीच महिन्यांनी पुन्हा पाजायला लावलं. पिल्लांवर चालणारं ट्रायक्लाबेंडाझोलही आहे, पण दुभत्या गाईला ते द्यायचं का हे डॉक्टरांनाच ठरवू दे. गाय गाभण असेल तर आधी सांगा, दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही तेही विचारा.

खरं दुखणं पाणवठ्यावर आहे. शेणातली अंडी पाण्यात फुटतात, अळी गोगलगाईत शिरते, तिथं वाढून बाहेर पडते आणि काठच्या गवताला कवच करून चिकटते. पाऊस सरला, पाणी ओसरलं की जनावरं नेमकं तेच कोवळं गवत ओरबाडतात. आमच्या चिबड तुकड्यात पाटाकडेचं गवत हातानं बाजूला सारलं, तर देठांच्या बुडाशी नखाएवढ्या तपकिरी गोगलगाई नुसत्या दाटल्या होत्या. त्या दिवसापासून तिथं जनावर सोडलं नाही, तिथलं ओलं गवत कापूनही घातलं नाही. पाणी बोअरचं, हौदात. भाताचं पिंजर कडकडीत वाळल्याशिवाय दावणीत टाकत नाही.

त्याच काठावर पाणी प्यायलेल्या बाकीच्या जनावरांचंही शेण तपासून घ्या. आमची म्हैस वरून धडधाकट दिसत होती, तिच्याही शेणात अंडी निघाली.