सोलापूरच्या काळ्या मातीत लॉन जळतं, मग अंगण कशानं झाकायचं?

तुम्ही लिहिलंय की विजापूर रोडला नवं घर आहे, पुढं दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे, एका कोपऱ्यात कडुनिंब आहे, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि गेल्या वर्षी अंथरलेलं लॉन मे महिन्यात जळून गेलं. आता जमिनीलगत पसरणारं, कमी पाण्यावर जगणारं काय लावावं आणि ते कसं जपावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी जुळे सोलापुरात राहते. माती अशीच काळी, पाणी असंच चार-पाच दिवसांनी, मोजून. त्यामुळे तुमचं लॉन का गेलं ते मला चांगलं ठाऊक आहे. भर उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. तुमची जागा साधारण अकरा चौरस मीटर, म्हणजे रोज साठेक लिटर. पाच दिवसांनी नळ येईपर्यंत तीनशे लिटर नुसत्या गवताला घालायचे, हे आपल्या गावात परवडणारं नाही. पुन्हा लॉन लावू नका, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती वेडेलियाबद्दल. पिवळ्या फुलांचा हा वेल नर्सरीत स्वस्त मिळतो, "पाणी लागत नाही, पटकन भरतं" असं सांगून देतात. मलाही तसाच दिला होता. पटकन भरतो हे खरंच आहे, पण पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडतो आणि शेजारचं एकही झाड जगू देत नाही. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. शिवाय तो गुडघ्याच्या थोडा खालीपर्यंत वाढतो आणि खाली काय आहे ते दिसत नाही. तो काढायला मला दोन पावसाळे लागले.

मग लावायचं काय? तुमच्या उन्हातल्या भागासाठी माझं पहिलं मत जलपिंपळीला. काही जण तिला रतवेल म्हणतात. कालव्याच्या पाटाकडेला, तळ्याच्या काठावर ती आपोआप पसरलेली दिसते. लहानशी पानं आणि बोंडासारखं पांढरट-जांभळट फूल. ओल्या जागेची वाटते, पण एकदा मुळं खोल गेली की कोरडं सोसते, खारं पाणी सोसते, चुनखडीची माती सोसते, वरून पाय पडले तरी चालतं. उंची तीन-चार बोटं. एप्रिल-मेमध्ये तपकिरी पडते, पण मरत नाही, वळवाचा एक पाऊस झाला की पुन्हा हिरवी होते. नर्सरीत क्वचितच मिळते, पाटाकडेचे फुटवे आलेले चार-पाच लांब वेल आणून त्यांचे तुकडे केले तरी सुरुवातीला पुरतात. फुलांवर मधमाश्या भरपूर येतात. मला त्याचा आनंदच आहे, पण घरात अनवाणी खेळणारी लहान मुलं असतील तर फुलं आली की वरून कात्री फिरवा.

कडेला, फाटकाजवळ रंग हवा असेल तर ऑफिस टाइम, म्हणजे पोर्टुलाका, लावा. सोलापूरचं ऊन तिला मनापासून मानवतं. मात्र काळ्या मातीत पावसाचं पाणी साचलं की ती कुजते. म्हणून तेवढ्या पट्ट्यात मुरूम टाकून जमीन चार बोटं उचलून घ्या. त्याच मुरमात निळ्या फुलांची विष्णुक्रांतही छान येते. हिची रानटी बहीण आपल्या माळावर पावसाळ्यात आपसूक उगवते, तेव्हा जमीन तिच्या ओळखीचीच आहे.

कडुनिंबाखाली वेगळं गणित. तिथं उन्हापेक्षा मुळांची स्पर्धा जास्त. सगळी जमीन खणू नका, मुळं तुटतात, आणि खोडाला माती चढवू नका. मुळांच्या मधल्या जागा शोधून ओंजळभर खड्डे घ्या, त्यात शेणखत टाकून जांभळी ट्रेडस्कॅन्शिया किंवा पानओवा लावा. दोघांच्या फांद्या नुसत्या खोचल्या तरी रुजतात. ट्रेडस्कॅन्शियाच्या चिकानं काहींच्या त्वचेला खाज येते, छाटताना हातमोजे घाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पानं गळतील ती झाडत बसू नका, तिथंच कुजू द्या.

रानभुईमुगाचा, म्हणजे पिंटो पीनटचा, मोह तुम्हाला होईल. फोटोत फार सुंदर दिसतो. आपल्याकडच्या मातीत चुन्याचे पांढरे खडे असतात, अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. माझ्याकडे त्याची पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या राहिल्या. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारलं की सुधारतो, पण ते वरचेवर करावं लागतं आणि त्याला पाणीही जास्त लागतं. मी शेवटी काढून टाकला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. पहिला पाऊस पडला की झाडं लावायची, असं सगळीकडे सांगतात. कोकणात ते बरोबर आहे. आपल्याकडे मृगाचा पाऊस हुलकावणी देतो, जुलैत मोठी उघडीप पडते आणि सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये होतो. म्हणून तर आपली ज्वारी रब्बीची. माझे सासरे मंगळवेढ्याकडचे शेतकरी, त्यांनीच मला हे शिकवलं. "ना पडल्या मघा तर वरती बघा" ही म्हण त्यांच्या तोंडी कायम असायची. मी लागण मघांना करते, म्हणजे ऑगस्टच्या मध्यानंतर. उत्तरा-हस्ताच्या पावसात मुळं खाली उतरतात आणि पुढं थंडीचे चार महिने झाडाला बस्तान बसवायला मिळतात. जूनमध्ये लावलेली माझी निम्मी कलमं जुलैच्या वाऱ्यानं वाळली होती.

तोवर जमीन तयार करा. मेचं ऊन फुकट आहे, त्याचा उपयोग करून घ्या. वीतभर खणून हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचा, भरपूर पाणी मारा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरा. महिना-सव्वा महिना तसंच ठेवा. वरच्या थरातलं तणाचं बी उष्णतेनं मरतं. लव्हाळा यानं जात नाही, त्याला खुरपंच. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या मातीत मात्र पाय घालू नका. वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहू द्या. ओली काळी माती तुडवली की वाळल्यावर विटेसारखी होते, मग त्यात मूळ शिरत नाही. वाळू मिसळा असा सल्ला मिळेल, तोही ऐकू नका. थोड्या वाळूनं चिकणमाती आणखी घट्ट होते. चार घमेली कुजलेलं शेणखत त्याहून कामाचं.

कलमं वीतभर अंतरावर, एकाआड एक लावा. तुमच्या जागेला अशी दोनशेच्या आसपास लागतील. खर्च वाचवायचा असेल तर फुटावर लावा, साधारण एकशे वीस, फक्त जमीन झाकायला एक हंगाम जास्त लागेल. मधल्या उघड्या जागेवर उसाचं पाचट किंवा तुरीचं भुसकट पसरा. यानं ओल टिकते आणि भेगा कमी पडतात. काळ्या जमिनीतली भेग कोवळी मुळं अक्षरशः तोडते.

पहिले दोन महिने तण स्वतः बसून काढावं लागेल, त्याला पर्याय नाही. नंतर झाडंच तणाला जागा देत नाहीत. रोज थोडं शिंपडू नका, मुळं वरच राहतात. नळ येईल त्या दिवशी संध्याकाळी भरपूर द्या आणि मग चार दिवस विसरा. भाजी धुतलेलं पाणी चालतं. बोअरचं पाणी खारं असेल तर मातीवर पांढरा थर दिसतो, तेव्हा एखाद्या जोरदार पावसात ते धुऊन जाऊ द्या. ऑफिस टाइमवर उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, येते. मुंग्यांची रांग दिसली की पानाखाली बघा. लिटरला पाच मिली निंबाचं तेल, थोडा साबण, ऊन उतरल्यावर फवारणी.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. भिंतीपासून दोन फूट जागा कोरडी सोडा, तिथं फरशी किंवा खडी टाका. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. जोत्याला लागून पाणी घालत राहिलात तर भिंतीला तडे जातात.

तुमच्या आईंना सापाची भीती वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. ती खोटी नाही, आपल्याकडे घोणस, नाग, फुरसं, सगळे आहेत. ते येतात उंदरांमागं आणि दडायला जागा मिळाली म्हणून. चार बोटांच्या गालिच्यात साप दिसतो, फूटभर दाट वेलात दिसत नाही. जलपिंपळी निवडण्याचं तेही एक कारण. मधून शहाबादी फरशीची पायवाट ठेवा, विटा-लाकडाचा ढीग अंगणात नको, आणि रात्री बॅटरी घेतल्याशिवाय आईंना बाहेर जाऊ देऊ नका.

मघा लागल्या की माझी जलपिंपळी छाटायला येते. पोतंभर निघते. तेव्हा इथंच निरोप टाका, तुमच्या जागेला पुरेल एवढी बाजूला काढून ठेवते.