शेजारच्या लेझरवर बोर्ड कापावेत का?

प्रश्न : ताई, भोसरीत आमचं पंप कंट्रोलरचे बोर्ड भरायचं, म्हणजे सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवायचं, छोटं युनिट आहे. एका पॅनेलमध्ये ८ बोर्ड असतात. सोल्डरिंग झालं की मुलं टेबलाच्या कडेवर ठेवून व्ही-कटवर, म्हणजे दोन बोर्डांमधल्या खाचेवर, हातानं तोडतात. टेस्टिंगला सगळे पास होतात, पण पावसाळ्यात काही शॉर्ट होऊन परत येतात. शेजारी पत्रा कापायचं फायबर लेझर आहे. त्यावर कापून घेतले तर?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : त्या मशीनवर एकही बोर्ड ठेवू नका. हातानं तोडण्यामुळे बोर्ड बिघडतात असा तुमचा संशय दिसतो, तो मात्र मला बरोबर वाटतो.

पहिल्या नोकरीत मी क्यूसीला, म्हणजे माल तपासायला होते, तेव्हा असेच बोर्ड परत यायचे. मायक्रोस्कोपखाली बोर्डावरचा सिरॅमिक कॅपॅसिटर (वीज साठवणारा चिमुकला भाग) वरून धडधाकट दिसे. शेवटी एक रेझिनमध्ये बसवला आणि पॉलिश पेपरवर घासत घासत अर्धा केला. तेव्हा दिसली चीर, टोकाच्या सोल्डरपाशी सुरू होऊन तिरकी आत गेलेली. बोर्ड वाकतो, सिरॅमिक वाकत नाही, ते तडकतं. कोरड्या हवेत टेस्टला काही कळत नाही. मग चिरेत ओल शिरते, लीकेज (आतून झिरपणारा करंट) वाढतं आणि एक दिवस शॉर्ट.

आता लेझर. किती वॅटचं, हे नंतर विचारा; आधी तरंगलांबी विचारा. पत्रा कापणाऱ्या फायबर लेझरची असते साधारण १०७० नॅनोमीटर. तुमचा बोर्ड म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी. काचेतून हा प्रकाश आरपार जातो, तांब्यावरून बराचसा परततो, आणि इपॉक्सी जळून काळी पडते. ती काजळी म्हणजे कार्बन, वीज वाहून नेणारा, तोही ट्रॅकच्या शेजारी! शिवाय बहुतेक बोर्डांत आग रोखायला ब्रोमिनची संयुगं घातलेली असतात. त्या धुराची सोय पत्र्याच्या मशीनला नसते.

कार्बन डायऑक्साइड लेझरचा १०,६०० नॅनोमीटरचा प्रकाश काच आणि इपॉक्सी दोन्ही शोषतात, पण कडा करपतातच. हे लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधणारे कुमार पटेल जन्मानं बारामतीचे आणि आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. शिवाजीनगरला त्या कॉलेजवरून जाताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

भरलेल्या बोर्डांसाठी वापरतात ते यूव्ही (अतिनील) लेझर, ३५५ नॅनोमीटरचं. इपॉक्सी आणि तांबं दोन्ही हा प्रकाश चांगला शोषतात. नॅनोसेकंदांचे ठोके एकेक पातळ थर उडवत जातात, उष्णता पसरायला वेळच मिळत नाही, आणि बोर्डाला कुणी वाकवत नाही. पातळ, वाकणाऱ्या फ्लेक्स बोर्डांवर याचं काम फार सुरेख होतं. १.६ मिलिमीटर जाडीवर मात्र पुन्हा पुन्हा फेरे मारावे लागतात, वेळ जातो.

तरंगलांबी निवडण्यातली करामत बघायची तर चिपच्या कारखान्यात. चिप ज्यावर बनतात तो सिलिकॉनचा पातळ तुकडा म्हणजे वेफर. हिऱ्याच्या चकतीनं तो कापला की कडेचे कपचे उडतात. जपानच्या हमामात्सू कंपनीच्या 'स्टेल्थ डायसिंग'मध्ये मुद्दाम असा इन्फ्रारेड प्रकाश घेतात, जो सिलिकॉनमधून पार होतो, आणि तो वेफरच्या पोटात एकवटतात. वरचा पृष्ठभाग शाबूत, आत कमकुवत रेघ. मग खालची चिकट टेप ताणली की चिप सुट्या होतात, काचवाल्यानं हिरा मारून काच टक्‌कन वेगळी करावी तशा. ना पाणी, ना भुसा.

तुम्ही लगेच लेझर घेऊ नका. टेबलाच्या कडेवर तोडणं आजच बंद करा आणि गोल पात्यांचा व्ही-कट सेपरेटर आणा. पुढच्या डिझाइनमध्ये कॅपॅसिटर व्ही-कटपासून आत सरकवा आणि त्यांची लांब बाजू कटाला समांतर ठेवा. एवढ्यानंही बोर्ड परत आले, तर एखादी लॉट यूव्हीवर जॉबवर्कनं कापून बघा. आणि यंदा परत आलेले बोर्ड भंगारात देऊ नका; त्यांतले कडेजवळचे चार कॅपॅसिटर आधी घासून पाहा.