चंडीगड फाळणीतल्या निर्वासितांसाठीच बांधलं होतं का?

अर्धं खरं आहे. लाहोर पाकिस्तानात गेल्यावर पूर्व पंजाबला राजधानीच उरली नाही, हे मुख्य कारण. निर्वासितांना जागा हवी होती, हेही होतंच. पण शहराचा आराखडा करणारा वास्तुरचनाकार ले कोर्बुझिए याच्या चमूने सरकारी घरं आखली ती हुद्द्यानुसार: १३ प्रकार, वर मुख्यमंत्री, तळाला शिपायाचं दोन खोल्यांचं घर. शहर उभारणाऱ्या मजुरांना मात्र या यादीत जागाच नव्हती, ते झोपड्यांत राहिले.

आता या निर्वासितांपैकी भारताचा नागरिक कोण? इथे कायदा रंजक आहे. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी जुलै १९४८ मध्ये परमिट (प्रवेश-परवाना) पद्धत आली आणि घटनेच्या कलम ६ ने १९ जुलै १९४८ ही रेघ ओढली. त्याआधी येऊन इथेच राहिलेला, मूळ अखंड भारतातला माणूस आपोआप नागरिक. नंतर आला तर सहा महिने वास्तव्य, अर्ज, नोंदणी. म्हणजे दोन सख्खे भाऊ आठवड्याच्या अंतराने आले, तर एकाला कागद लागत नव्हता आणि दुसऱ्याला कचेरीत खेटे घालावे लागत होते.