टीएसएच जागेवर, टी-४ दुप्पट

प्रश्न : हाशिमोटोच्या थायरॉइडायटिससाठी (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) तीन वर्षे थायरॉक्सिनची गोळी घेते. यंदा टीएसएच २.१, म्हणजे नॉर्मल आला, फ्री टी-४ (रक्तातला मोकळा थायरॉक्सिन) मात्र ३.८ (मर्यादा ०.८ ते १.८). धडधड, घाम, हातांना कंप, काहीच नाही. गोळी कमी करू का?

उत्तर : एवढ्या रिपोर्टवर नको. टी-४ खरोखरच कायम दुप्पट असता, तर मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीने टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे तिचे हार्मोन, जवळपास शून्यावर आणला असता. तेव्हा आधी संशय तपासणीवर घ्यायचा.

या आजारात थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनतात. टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची हार्मोन्स याच प्रथिनावर घडतात, त्यामुळे थोड्या रुग्णांत थेट हार्मोनलाच चिकटणारी प्रतिपिंडेही तयार होतात. फ्री टी-४ मोजणाऱ्या अनेक पद्धतींत सीरममध्ये (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) टी-४ सारखाच, पण खूण लावलेला रेणू मिसळतात. दोघे एकाच जागेसाठी झटतात; खुणेचा सिग्नल जितका कमी, तितका टी-४ जास्त, असा तिथला हिशेब. तुमच्या प्रतिपिंडांनी तो रेणू मधेच पकडून ठेवला की सिग्नल घटतो आणि आकडा फुगतो. यंत्र बिघडलेले नसते, फसलेले असते. म्हणून तिथेच पुन्हा तपासून तोच आकडा येईल.

नमुना दोन टप्प्यांच्या पद्धतीने तपासून मागा. तिथे सीरम, म्हणजे त्यातली प्रतिपिंडेही, धुऊन काढल्यावरच खुणेचा रेणू घालतात. त्याहून खात्रीचे इक्विलिब्रियम डायलिसिस : मोकळा टी-४ पडद्यापलीकडे जातो, प्रतिपिंडे अलीकडेच अडकतात. यातही टी-४ जास्तच निघाला, तर पिट्यूटरीची गाठ किंवा थायरॉइड हार्मोनला शरीराने दाद न देणे, ही दुर्मीळ कारणे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून (हार्मोनतज्ज्ञाकडून) तपासून घ्यावी लागतील.

एक आडवा प्रश्न : गोळ्या मधेमधे चुकतात आणि तपासणीच्या आधी नियमित होतात, असे तर नाही ना? अशा वेळीही टी-४ चढलेला दिसतो, कारण टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे लागतात. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर किमान दोन दिवस आधी थांबवा, मात्रा मोठी असेल तर त्याहून आधी. त्याने काही यंत्रांत टी-४ खोटा वाढतो. टीएसएच मात्र बहुधा खोटा कमी दिसतो, म्हणजे तुमच्या रिपोर्टशी ते पुरते जुळत नाही.

प्रश्न : अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) ६०० आहे. दर तीन महिन्यांनी तपासावे का?

उत्तर : नाही. ते निदानापुरते. डोस त्या आकड्यावर नव्हे, टीएसएचवर ठरतो.