पुन्हा आईच मिळाली म्हणून

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. लगेच फोन करणार होते, पण फोनवर तू रडली असतीस, मी समजूत घातली असती आणि जे सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र. 'बाई, पुन्हा आईच,' एवढंच लिहिलंयस. तीन वर्षांतली ही तिसरी आई. वय तुझं चोवीस. तुझ्याच वयाची मुलगी नायिका म्हणून उभी राहणार आणि तू तिच्या लग्नाची काळजी करत कोपऱ्यात तांदूळ निवडणार. राग आला असेल तर तो योग्यच आहे. माझ्या तिशीत एका दिग्दर्शकाने मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुझा चेहराच मावशीचा आहे. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

भूमिका लहान-मोठी नसते, असलं काही मी तुला ऐकवणार नाही. भूमिका लहान असतात. कित्येकदा त्या इतक्या घाईत लिहिलेल्या असतात की त्यांत माणूस सापडतच नाही, तो नटाला आणावा लागतो. तो आणायचा कसा, हे मी ज्याच्याकडे पाहून शिकले त्या नटाबद्दल आज लिहिते. त्याला जन्मभर बाप मिळत गेले.

त्याचं नाव पीट पॉसलथ्वेट. नाव ऐकलं नसशील, पण चेहरा पाहिला असशील. वर आलेली गालाची हाडं, खोल गेलेले डोळे, दगडात कोरल्यासारखा चेहरा. 'द लॉस्ट वर्ल्ड'मध्ये डायनासोरच्या मागे निघालेला तो टक्कल केलेला शिकारी, तोच हा. इंग्लंडच्या वायव्येकडे वॉरिंग्टन नावाचं कारखान्यांचं शहर आहे, तिथल्या एका कष्टकरी कॅथलिक घरात ७ फेब्रुवारी १९४६ रोजी त्याचा जन्म झाला. आधी पाद्री व्हायला निघाला होता. मग शिक्षक झाला, शाळेत नाटक शिकवलं. आणि ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला तो चोविसाव्या वर्षी. म्हणजे तुला जिथे सगळं हातातून निसटतंय असं वाटतंय, तिथे त्याने धुळाक्षरं गिरवायला घेतली होती. हे आडनाव बदल, असा सल्ला त्याला सुरुवातीलाच मिळाला. एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांत लिहायचं तर विजेचं बिल परवडणार नाही, असं लोक त्याला म्हणत. त्याने नाव बदललं नाही.

नंतरची वर्षं लिव्हरपूलची. होप स्ट्रीटवर एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या इमारतीत १९६४ साली एव्हरीमन थिएटर सुरू झालं होतं. सत्तरच्या दशकात तिथे जी मंडळी जमली, त्यांची नावं आज वाचली तर खरं वाटत नाही. ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, आणि त्यांच्यात हा. नाटक घेऊन ही पोरं शहरातल्या पबमध्येसुद्धा जायची. समोरचा माणूस बिअर प्यायला आलेला असतो, नाटक बघायला नाही, आणि त्याने पाठ फिरवली की तुमचं संपलं. आपल्याकडे गावच्या जत्रेत प्रयोग केलेला नट लगेच ओळखू येतो ना, तसंच हे. सिनेमात तो पहिल्यांदा दिसला १९७७ साली, कुणाची तरी दाढी करणाऱ्या माणसाच्या कामात. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

आता बाप.

टेरेन्स डेव्हिस या दिग्दर्शकाने स्वतःच्या घराच्या आठवणींवर 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ज' केला, तो १९८८ साली आला. त्यातला बाप बायकोला मारतो, मुलींना झोडपतो. गंमत म्हणजे, सिनेमा सुरू होतो तेव्हा हा बाप मेलेलाच आहे. तो येतो तो फक्त मुलांच्या आठवणीतून, तुकड्यातुकड्यांनी. तरी घरातल्या प्रत्येक भिंतीला त्याची भीती चिकटलेली दिसते. नाताळच्या रात्री मुलं झोपलेली असताना तो त्यांच्या उशाशी भेटीचे मोजे अडकवतो. ते इतक्या हळुवारपणे की आपल्याच घशात काहीतरी अडकतं. आणि लगेच पुढे, जेवणाच्या टेबलावरचं कापड तो भांड्याकुंड्यांसकट खसकन ओढतो आणि बायकोला आवरायला सांगतो.

हे दोन्ही प्रसंग मी किती वेळा पाहिले असतील. मी शोधत होते ती सांधणारी जागा. एखादा साधारण नट मायेच्या प्रसंगात थोडा राग पेरून ठेवेल, रागाच्या प्रसंगात डोळ्यांत थोडा पश्चात्ताप आणेल, म्हणजे प्रेक्षकाला हा एकच माणूस आहे हे समजावं. पॉसलथ्वेट असं काहीही करत नाही. माया करताना पूर्ण माया, राग करताना पूर्ण राग. मध्ये पूल बांधायला तो नकार देतो. ज्या घरात असा माणूस असतो तिथल्या मुलांना तो पूल कधीच सापडत नाही, सकाळी कोणता बाप उठेल हे कळत नाही, आणि तीच त्या घराची दहशत असते. घोड्याला खरारा करत गुणगुणणारा बाप आणि वरून त्याला चोरून बघणारी मुलं, हाही एक प्रसंग आहे. तो पाहा. त्या क्षणी मुलांना बापाविषयी काय वाटत असेल, ते मला वाचून दाखवायला लिहून आण.

आणि हे लक्षात घे की हा बाप त्याने उभा केला तेव्हा तो स्वतः बाप झालेला नव्हता.

पाच वर्षांनी, १९९३ साली, 'इन द नेम ऑफ द फादर'. हकिगत खरी आहे. १९७४ साली इंग्लंडमध्ये गिल्डफर्डच्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले. बेलफास्टच्या जेरी कॉनलनला त्यात गोवलं. पोरासाठी वकील बघायला म्हणून लंडनला आलेला त्याचा आजारी बाप जुझेप्पे, त्यालाही पकडलं. तो १९८० साली कैदेतच वारला. मुलगा १९८९ साली निर्दोष सुटला आणि बापाच्या नावावरचा डाग पुसायला १९९१ उजाडलं. सिनेमात बापलेक एकाच कोठडीत दाखवलेत. प्रत्यक्षात तसं नव्हतं, पण त्या कोठडीमुळेच नटांना काम करायला जागा मिळाली.

मुलगा झालाय डॅनियल डे-लुईस. त्याचा जन्म १९५७ चा. बाळ, वजाबाकी कर. बाप आणि लेक यांच्यात अकरा वर्षांचं अंतर आहे. थोरला भाऊ शोभेल एवढंच. पण सिनेमा बघताना ही शंका मनाला शिवतसुद्धा नाही. पॉसलथ्वेट म्हातारपणा चढवत नाही, तो फक्त मुलाकडे बघतो. कोठडीत मुलगा बापावर तुटून पडतो, लहानपणीचं एक पदक आणि बापाने तेव्हा विचारलेला एक प्रश्न उकरून काढतो, इतक्या वर्षांचं साचलेलं ओकतो. प्रसंग सगळा मुलाचा आहे, वाक्यं त्याची आहेत. बाप ऐकतो. त्या ऐकण्यात तो आधी गोंधळतो, मग दुखावतो, मग आपण खरंच असं केलं होतं का हे आठवू लागतो. तुला संहितेत 'आई गप्प उभी आहे' असं लिहिलेलं दिसतं तेव्हा हा प्रसंग आठव. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. वय तेव्हा अठ्ठेचाळीस.

इथे मला माझं सांगायला हवं. मी बावीस वर्षांची असताना वाईजवळच्या एका गावात आमचा प्रयोग होता. मी आई. केसांना पीठ लावलं होतं, कंबरेतून वाकले होते, आवाज कापरा केला होता. प्रयोग झाल्यावर एक बाई चहाचा कप घेऊन आली. म्हणाली, "माझी सासू साठीची हाय, अजून दोन घागरी एकावर एक आणती. तू कशापायी वाकलीस गं?" मला उत्तर देता आलं नाही. मी आई नव्हतेच झाले, मी वय झाले होते. तुझा मागचा प्रयोग मी चौथ्या रांगेतून पाहिला. तूही वाकली होतीस. तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

पुन्हा पॉसलथ्वेटकडे. १९९६ साली 'ब्रास्ड ऑफ' आला. ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने एका दमात ३१ कोळसाखाणी बंद करायचं जाहीर केलं, ३०,००० लोकांच्या पोटावर पाय. त्याच दिवसांत ग्राइमथॉर्प या खाणींच्या गावातल्या कामगारांच्या बँडने लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बँडची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. सिनेमा त्या वातावरणावर बेतलेला आहे, वाजवलंयही ग्राइमथॉर्पच्याच बँडने. पॉसलथ्वेट झालाय डॅनी, बँडचा संचालक. म्हणजे पुन्हा बाप, आणि फुप्फुसं पुन्हा खराब. तीन वर्षांत दुसरा खोकणारा बाप! तू असतीस तर मला रात्री बारा वाजता निरोप पाठवला असतास.

पण दोघांचे खोकले ऐक. जुझेप्पेला खोकल्याची लाज वाटते, पोराला आणखी एक काळजी नको म्हणून तो तो दाबतो. डॅनीला खोकल्याचा राग येतो, कारण तालमीत व्यत्यय येतो. त्याला बँडपुढे काही दिसत नाही. गाव उपाशी मरायला टेकलंय, पोटचा मुलगा कर्जात बुडून जिवावर उदार झालाय, आणि हा स्वरांच्या चुका काढतोय. इतक्या जवळ असूनही न दिसणं, हेच त्या बापाचं सगळं नाट्य आहे. तो इस्पितळात पडतो, बँडची मंडळी रात्री खिडकीखाली येऊन डोक्यावरच्या खाणीतल्या दिव्यांच्या उजेडात वाजवतात. आणि शेवटी अल्बर्ट हॉलमध्ये, चषक समोर असताना, तो म्हणतो की आजवर मला संगीतच महत्त्वाचं वाटत होतं, पण माणसांपुढे त्याची काही किंमत नाही. वाक्य कागदावर भाषणासारखं आहे, मोठ्याने म्हटलं तर पोकळ वाजेल. तो ते जवळजवळ कुरकुरत म्हणतो, जन्मभराची चूक चारचौघांत कबूल करावी लागल्यासारखं. मला वाटतं, त्याचं सर्वांत अवघड काम हेच.

नंतर मोठे सिनेमे आले, 'द लॉस्ट वर्ल्ड'चा दिग्दर्शक स्पीलबर्गने त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटलं, सरकारी सन्मान मिळाला. त्यात मला फारसं सांगण्यासारखं काही नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की २००८ साली, बासष्टाव्या वर्षी, तो शेक्सपिअरचा राजा लिअर करायला होप स्ट्रीटवरच्या त्याच एव्हरीमनमध्ये परत गेला. लंडनचं कुठलंही मोठं थिएटर त्याला मिळालं असतं. पबमधल्या प्रेक्षकाने ज्या शहरात त्याला घडवलं तिथेच त्याने तो म्हातारा राजा, तो सगळ्यात चुकलेला बाप, उभा केला. मी तो पाहू शकले नाही, ही हळहळ कायमची.

आणि शेवटचा बाप. 'इन्सेप्शन', २०१०. श्रीमंत उद्योगपती, मृत्युशय्येवर. मोजून काही मिनिटं, बहुतेक सगळी अंथरुणात, हातपाय हलवायची सोय नाही. मुलाला जन्मभर वाटत आलंय की मी बापासारखा झालो नाही म्हणून बाप निराश झाला. बाप धाप लागलेल्या आवाजात सांगतो की तू माझ्यासारखं व्हायला गेलास म्हणून मी निराश झालो. अब्जावधींचा एवढा गुंतागुंतीचा सिनेमा, आणि त्याचा अख्खा शेवट या अंथरुणातल्या माणसाच्या एका वाक्यावर टेकलेला आहे. ते वाक्य खोटं वाटलं असतं तर सगळं कोसळलं असतं. तो तेव्हा स्वतः आजारी होता. २ जानेवारी २०११ रोजी कर्करोगाने गेला, चौसष्ट वर्षांचा होऊन.

ही भूमिका तू सोडू शकतेस. सोडलीस तर मी रागावणार नाही, दिग्दर्शकाशी मी स्वतः बोलेन. तुला नायिका करायची इच्छा आहे हेही त्याला स्पष्ट सांग. न मागता कुणी देत नाही, आणि मागण्यात कमीपणा नाही. पण सोडायची तर ती आई कोण आहे हे कळल्यावर सोड. सध्या तुला ती माहीतच नाही. संहितेत तिला अकरा वाक्यं आहेत, मी मोजली. त्यांतली सात प्रश्न आहेत आणि एकाही प्रश्नाचं उत्तर तिला कुणी देत नाही. हे तुझ्या लक्षात आलं होतं का? ती उत्तर ऐकायला थांबते की विचारून लगेच कामाला लागते? दुसऱ्या प्रवेशात ती बाहेरून येते, पण कुठून, हे लेखकाने लिहिलेलं नाही. रेशनच्या दुकानातून आली असेल तर हात वेगळे असतील, सावकाराकडून आली असेल तर वेगळे. नवऱ्याचं नाव ती एकदाही घेत नाही. तो मेलाय, पळालाय, की आतल्या खोलीत झोपलाय?

केसांना पीठ लावायचं नाही. पाठ ताठ.

बुधवारी साडेसहाला तालीम आहे. तू सहालाच ये, मी चहा टाकून ठेवते. येताना एवढं ठरवून ये की तिच्या कमरेला किल्ल्या आहेत की नाहीत, आणि असल्या तर त्यांतली कुठली किल्ली आता कुठल्याच कुलपाला लागत नाही.

तुझ्या,
बाई