पेप्टाइड चांगलं निघालं, आता पुढे?

परळ, मुंबई

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. तुझं पेप्टाइड, म्हणजे ॲमिनो आम्लांची ती छोटी साखळी, नॅनोमोलर म्हणजे अगदी अत्यल्प मात्रेत एचआयव्हीला पेशीत शिरू देत नाही, हे वाचून बरं वाटलं. पेपर मात्र इतक्यात लिहायला घेऊ नकोस.

आधी कुपीकडे बघ. तिच्यावर पाच मिलिग्रॅम लिहिलं असलं तरी ते सगळं पेप्टाइड नसतं. शुद्धीकरणातलं ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल क्षार होऊन सोबत राहतं, शिवाय पाणी. त्यात आपला जुलै! फ्रीजरमधून काढलेली कुपी गार असतानाच उघडली, की पावडर दमट हवा पिते आणि काचेला चिकटते. ती खोलीच्या तापमानाला येऊ दे, मगच झाकण काढ. वजनावर तर विसंबूच नकोस. तुझ्या साखळीत ट्रिप्टोफॅन आहे, हे ॲमिनो आम्ल अतिनील प्रकाश शोषतं, तेव्हा २८० नॅनोमीटरला रीडिंग घेऊन कॉन्सन्ट्रेशन काढ.

ल्युसिफरेज, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशीत उजेड पाडणारं विकर, उतरलं म्हणजे विषाणू अडला, असंही नाही; पेशी मेल्या तरी ते उतरतं. त्याच ॲमिनो आम्लांचा क्रम विस्कटून केलेलं पेप्टाइड तुलनेसाठी प्लेटच्या शेजारच्या वेल्समध्ये (खळग्यांत) हवंच. आणि औषध विषाणूसोबत, मग तासातासाने उशिरा घालून बघ. शिरकावच अडत असेल तर उशिरा घातल्यावर परिणाम झपाट्याने ओसरेल. झिडोवुडिन हे जुनं औषध विषाणूला पेशीत शिरल्यावर अडवतं, म्हणून ते मात्र त्यानंतरही काही तास काम करताना दिसेल.

आता खरा मुद्दा. एन्फुवर्टाइड, म्हणजे टी-२०, हे एचआयव्हीचा शिरकाव अडवणारं पेप्टाइड औषध, त्याबद्दल तू वाचलं असशील. विषाणूच्या पृष्ठभागावरचं जीपी१२० हे प्रथिन पेशीवरच्या ग्राहक प्रथिनांना चिकटतं: आधी सीडी४ला, मग सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ला. मग त्याचं जोडीदार प्रथिन जीपी४१ उलगडून पेशीच्या आवरणात रुततं आणि स्वतःवरच दुमडून दोन्ही आवरणं जवळ ओढतं. ३६ ॲमिनो आम्लांचं टी-२० ती घडीच पडू देत नाही. कल्पना देखणी, २००३ मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली. पण रुग्णाला ९० मिलिग्रॅमचं इंजेक्शन रोज दोनदा टोचून घ्यावं लागे, जवळजवळ प्रत्येकाला टोचल्या जागी गाठी नाहीतर लाली येई, आणि बनवायला शंभराहून जास्त रासायनिक पायऱ्या. विषाणूनेही जीपी४१च्या ३६ ते ४५ क्रमांकांच्या ॲमिनो आम्लांच्या पट्ट्यात बदल करून वाट काढली.

पुढे चीनमध्ये २०१८ साली अल्बुवर्टाइड हे तसंच पेप्टाइड आलं. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडून घेतं, म्हणून आठवड्याला एक सलाइन पुरतं. लेनाकापाविर हे एचआयव्हीचं नवं औषध पेप्टाइड नाही, त्याचं लक्ष्य विषाणूचं कॅप्सिड, म्हणजे आतलं प्रथिनाचं कवच; पण इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा. आणि जे.जे. रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात एप्रिल २००४ पासून औषधं फुकट मिळतात; आज तिथल्या बहुतेकांचं रोजच्या एका गोळीवर भागतं. त्या रांगेतल्या माणसाने गोळी सोडून तुझी सुई का घ्यावी? जुन्या औषधांना विषाणू दाद देत नाही अशा थोड्या रुग्णांसाठी, हे एक उत्तर मला पटतं. तुझं उत्तर प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर यायला हवं. परीक्षक तेच विचारतात, आणि बरोबरच विचारतात.

सुई कमी वेळा टोचायची तर पेप्टाइड रक्तात टिकायला हवं, म्हणून आधी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. माणसाचं घे, तापवून निष्क्रिय केलेलं नको. ३७ अंशांवर ठेव. शून्य मिनिटं, अर्धा तास, एक, चार आणि चोवीस तासांना नमुने काढून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, लाव. तासाभरात तुकडे झाले तर कुठे तुटतंय ते मास स्पेक्ट्रोमीटर दाखवेल. तिथे डी-ॲमिनो आम्ल (नेहमीच्या ॲमिनो आम्लाचं आरशातलं रूप) बसवायचं, पेप्टाइडचं सर्पिल स्टेपल करायचं, म्हणजे आडव्या दुव्याने बांधायचं, की शेपटीला फॅटी ॲसिड जोडायचं, ते मग बसून ठरवू.

सोमवारी दुपारनंतर एचपीएलसी मोकळं आहे. वहीत तुझं नाव टाकलंय.

तुझी,
मॅडम