वाचकांचे प्रश्न : विजेच्या गाडीची निवड आणि निगा

गेल्या काही अंकांपासून विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयीची पत्रे सातत्याने येत आहेत. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. बॅटरीची क्षमता सांगताना मी ‘युनिट’ हा शब्द वापरला आहे. वीजबिलात मोजले जाते तेच हे युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास.

प्रश्न : दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिलीची बॅटरी ७५ युनिटांची, जाहीर रेंज ५०० किलोमीटर आणि डीसी (म्हणजे फास्ट) चार्जिंगचा कमाल वेग १५० किलोवॅट आहे. दुसरीचे हेच आकडे ६०, ४३० आणि १२० असे आहेत. बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्यास पहिलीला ३५ आणि दुसरीला २८ मिनिटे लागतात. पहिलीचे सगळेच आकडे मोठे असल्यामुळे तीच घ्यावी, असे घरातील सर्वांचे मत आहे. आपले मत काय?

उत्तर : सर्वप्रथम दोन्ही रेंज एकाच चाचणीनुसार दिल्या आहेत का, हे पाहावे. युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही चाचणी लागू झाली आणि तिने एनईडीसी या जुन्या, फारच सौम्य चाचणीची जागा घेतली. अमेरिकेतील ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेची पद्धत आणखी वेगळी असून तिच्यानुसार त्याच गाडीची रेंज सहसा कमी भरते. एका गाडीचा आकडा एका चाचणीचा आणि दुसरीचा दुसऱ्या चाचणीचा असेल, तर त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत असे धरून पुढे जाऊ. बॅटरीच्या क्षमतेला रेंजने भागले, तर पहिली गाडी १०० किलोमीटरला १५ युनिटे आणि दुसरी जवळजवळ १४ युनिटे वापरते, असे दिसते. गाड्यांची तुलना करताना मी हा आकडा सर्वांत आधी काढतो, कारण मोठी बॅटरी बसवून रेंज कोणालाही वाढवता येते, पण कमी विजेत तेवढेच अंतर कापणे हे गाडीच्या रचनेचे खरे कसब आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. काही कंपन्या एकूण क्षमता जाहीर करतात आणि तिचा थोडा भाग राखून ठेवतात. भागाकार नेहमी प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षमतेनेच करावा. शिवाय डब्ल्यूएलटीपीच्या तक्त्यातील विजेचा खर्च चार्जिंगच्या वेळी वाया जाणारी वीजही धरून मोजलेला असतो, त्यामुळे तो आपल्या भागाकारापेक्षा थोडा जास्त दिसेल. आपले बिल त्या जास्तीच्या आकड्यानुसारच येणार आहे.

आता चार्जिंगचे पाहू. १० ते ८० टक्के म्हणजे ७० टक्के. ७५ युनिटांचे ७० टक्के ५२.५ युनिटे होतात आणि ती ३५ मिनिटांत भरायची म्हणजे सरासरी वेग ९० किलोवॅट पडतो. दुसऱ्या गाडीत ४२ युनिटे २८ मिनिटांत भरतात, म्हणजे सरासरी पुन्हा ९० किलोवॅटच. पहिलीचा १५० हा आकडा खोटा नाही, परंतु तो वेग काही मिनिटेच टिकतो आणि बॅटरी भरत जाईल तसा उतरतो. दुसरी गाडी कमी वीज खात असल्यामुळे चार्जरवर घालवलेल्या प्रत्येक मिनिटामागे तिला सुमारे पावणेअकरा किलोमीटर मिळतात, तर पहिलीला दहा. लांबच्या प्रवासात एकूण वेळ किती लागेल, हे या आकड्यावर बरेचसे अवलंबून असते.

तरीही माहितीपत्रकातील रेंज आपल्या रस्त्यावरची नव्हे. डब्ल्यूएलटीपी चाचणीतील सरासरी वेग थांबे धरून ताशी सुमारे ४६.५ किलोमीटर असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटरने गेल्यास तो जवळजवळ १.९ पट होतो. आपला बहुतेक प्रवास महामार्गावरचा असेल, तर दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, जाऊन-येऊन चालवाव्यात आणि ट्रिप मीटरवरील सरासरी लिहून घ्यावी. वाटेत चार्जर नसलेला ३०० किलोमीटरहून मोठा टप्पा आपल्याला वारंवार पार करावा लागत असेल, तर मोठी बॅटरी अवश्य घ्यावी. तसे नसेल तर मी दुसरी गाडी घेईन.

प्रश्न : बॅटरी ८० टक्क्यांच्या वर कधीही नेऊ नये, असे माझे मेहुणे बजावतात, माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मात्र आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करण्यास सांगितले आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या गाडीसाठी पुस्तिकेचे ऐकावे. मेहुण्यांचा सल्लाही निराधार नाही. फक्त तो बहुधा वेगळ्या प्रकारच्या बॅटरीला लागू पडणारा आहे.

सध्याच्या गाड्यांत प्रामुख्याने दोन प्रकारच्या लिथियम-आयन बॅटऱ्या असतात. एकीत निकेल, मँगनीज व कोबाल्ट असते, तिला एनएमसी म्हणतात. दुसरीत लोह व फॉस्फेट असते, ती एलएफपी. लोह-फॉस्फेटचा हा उपयोग १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांत ते होते. एनएमसी बॅटरी तेवढ्याच वजनात अधिक ऊर्जा साठवते, तर एलएफपी चार्ज-डिस्चार्जची जास्त आवर्तने सोसते.

बॅटरी वापरात नसतानाही जुनी होत असते. तिच्या ग्राफाइटच्या ध्रुवावर एक पातळ पापुद्रा असतो. तो हळूहळू जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. बॅटरी जितकी गरम आणि जितकी भरलेली, तितका हा पापुद्रा लवकर वाढतो. म्हणूनच एनएमसी बॅटरी रोजच्या वापरात ७० ते ८० टक्क्यांपर्यंत भरावी, लांब जायचे असेल तेव्हा निःशंकपणे १०० टक्के भरावी आणि भरल्यावर लवकर निघावे. अपाय १०० या आकड्याने होत नाही. पूर्ण भरलेली गाडी दिवसचे दिवस उन्हात उभी ठेवल्याने होतो.

आपल्या गाडीत बहुधा एलएफपी बॅटरी असावी. तिचीही पूर्ण भरलेल्या अवस्थेत थोडीफार झीज होतेच. मग पुस्तिका १०० टक्क्यांचा आग्रह का धरते? या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या फार मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. बॅटरी अनेक छोट्या सेलांची बनलेली असते; त्यांतील सेल ३० टक्के भरलेला असो वा ७० टक्के, तो ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच असतो. त्यामुळे केवळ व्होल्टेज पाहून शिल्लक किती, हे बॅटरीवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेला ओळखता येत नाही. ती आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रवाह मोजत राहते, आणि त्या मोजणीतील बारीक चुका दिवसेंदिवस साठत जातात. पूर्ण भरताना शेवटी व्होल्टेज एकदम चढतो, तेव्हाच तिला हिशेब जुळवून घेण्याची संधी मिळते. महिनोन्‌महिने ८० टक्क्यांवर थांबत राहिल्यास पडद्यावर दिसणारी शिल्लक विश्वसनीय राहत नाही आणि आकडा अचानक घसरून आपण रस्त्यात अडकू शकता.

उष्णतेविषयी मी इतके आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. २०१० च्या अखेरीस आलेल्या पहिल्या निसान लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती, आणि अमेरिकेतील ॲरिझोनासारख्या तप्त प्रदेशातील मालकांना तिची क्षमता अपेक्षेपेक्षा बरीच लवकर घटल्याचा अनुभव आला. आज बहुतेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारे कूलंट फिरते. नवी गाडी निवडताना ही सोय आहे का, हे विचारावेच, आणि गाडी असेल तर तिला सावलीची जागा मिळवून द्यावी.

फास्ट चार्जिंगबाबत थोडक्यात सांगतो. अधूनमधून केल्यास चिंता नको. बॅटरी फार थंड असताना मोठा प्रवाह दिल्यास लिथियम ध्रुवाच्या आत न शिरता पृष्ठभागावर धातुरूपात साचू लागते. ते टाळण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी ठेवते. त्या वेळी चार्जरला दोष देऊ नये.

प्रश्न : इंजिन नाही, ऑइल नाही, क्लच नाही. मग सर्व्हिसिंगला गाडी कशासाठी न्यायची?

उत्तर : काम कमी असते, हे खरे आहे. परंतु ‘मेंटेनन्स शून्य’ असे सांगून गाडी विकणे मला अयोग्य वाटते, कारण त्या समजुतीमुळे सुरक्षिततेशी थेट संबंध असलेले भाग दुर्लक्षित राहतात.

ब्रेकचेच घ्या. वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी फिरून वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक पॅड फार हळू झिजतात. मात्र न वापरल्या जाणाऱ्या डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकू लागतात. पॅड नवेकोरे असूनही ब्रेक एका बाजूला ओढतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना परतीची वीज घेण्यास जागा नसते आणि त्या वेळी यांत्रिक ब्रेकलाच काम करावे लागते. अशा वेळी मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर काही वेळा जरा जोरात ब्रेक लावल्यास डिस्क साफ राहते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. गाडी किती चालली याच्याशी त्याचा संबंध नाही. ते पुस्तिकेतील मुदतीप्रमाणे, सहसा दोन-तीन वर्षांनी, बदलावे.

टायरचा खर्च मात्र वाढतो. बॅटरीमुळे गाडी जड असते आणि मोटरची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळते. नवे टायर घेताना केवळ माप जुळवून भागत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो हे सांगणारा आकडा, हाही मूळ टायरपेक्षा कमी नसावा. हवा महिन्यातून एकदा तपासावी, कारण कमी हवेने टायरही झिजतो आणि रेंजही घटते.

बॅटरीचे कूलंट स्वतः कधीही भरू नये. काही गाड्यांत विजेचे वहन अत्यल्प करणारे विशेष कूलंट असते आणि रंग सारखा दिसला म्हणून दुसरे चालत नाही. बॉनेटखालच्या नारिंगी वायरींमध्ये ४०० व्होल्ट, काही गाड्यांत ८०० व्होल्टपर्यंत दाब असतो. त्यांना प्रशिक्षित माणसानेच हात लावावा. तेथे पाण्याचा जोरदार फवारा मारून धुणेही टाळावे.

प्रश्न : दोन महिन्यांनी परतलो, तर गाडीचे दारही उघडेना. जाताना बॅटरी ६० टक्के होती. इतकी वीज गेली कुठे?

उत्तर : मोठी बॅटरी बहुधा जवळजवळ तशीच असेल, संपली असेल ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. दारांची कुलुपे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले हे सर्व तिच्यावर चालतात. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही निरुपयोगी ठरते. माझ्या गाडीच्या बाबतीतही एकदा असेच घडले होते. मोबाइल ॲपवरून वारंवार गाडीची स्थिती पाहिल्यास तिचे संगणक दरवेळी जागे होतात, आणि पहारा देणारे कॅमेरेही वीज खातात. दीर्घकाळ बाहेर जाताना हे बंद ठेवावे. मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, आणि पुस्तिकेत याविषयी वेगळी सूचना असल्यास ती पाळावी. बंद पडलेली गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढू देऊ नये. चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज निर्माण करते. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवूनच न्यावी.

प्रश्न : सहा वर्षे वापरलेली गाडी घेण्याचा विचार आहे. बॅटरी किती उरली आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : पडद्यावर दिसणाऱ्या रेंजवरून ठरवू नये, तो अंदाज आधीचा मालक कसा चालवत होता, यावरही अवलंबून असतो. सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल मागावा आणि त्यात सेलमधील व्होल्टेजचा फरकही पाहावा, कारण एखादा गट इतरांपेक्षा मागे पडला असेल तर संपूर्ण बॅटरीची उपयुक्त क्षमता त्याच्यापाशी अडते.

विक्रेता तयार असल्यास स्वतः पडताळाही घेता येतो. बॅटरी २० टक्क्यांवर आणून डीसी चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत भरावी आणि चार्जरने दिलेली युनिटे नोंदवावीत. समजा ३० युनिटे लागली, तर ३० भागिले ०.६ म्हणजे ५० युनिटे. मूळ वापरण्याजोगी क्षमता ६० युनिटे असेल, तर सुमारे ८३ टक्के उरली आहे; यातील थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून प्रत्यक्ष आकडा किंचित कमी धरावा. सहा वर्षांनंतर हे प्रमाण वाईट नाही. क्षमता पहिल्या एक-दोन वर्षांत तुलनेने लवकर घटते आणि नंतर घट मंदावते, त्यामुळे पुढील सहा वर्षांत पुन्हा तेवढीच घट होईल असे समजण्याचे कारण नाही.

अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, क्षमता ७० टक्क्यांखाली न जाण्याची हमी देतात. आपण पाहिलेल्या गाडीची अशी दोन वर्षे उरली असतील, परंतु ती हमी नव्या मालकाच्या नावे होते का आणि मध्येच चुकलेल्या सर्व्हिसिंगमुळे ती रद्द झालेली नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे.